विश्लेषण : वानराला बिस्किटाचा पुडा का देऊ नये?

घाटात गाडी थांबते, काच खाली होते आणि काळ्या तोंडाच्या वानरापुढे केळी, चणे नाहीतर बिस्किटाचा पुडा येतो. देणाऱ्याच्या मनात भूतदया असते, अनेकदा मारुतीवरची श्रद्धाही. पण हा घास ज्या पोटात जातो, ते मुळात पाने पचवण्यासाठी घडलेले आहे.

वानर आणि माकड यांत फरक काय?

बोलताना दोघांनाही सर्रास माकड म्हटले जाते. लाल तोंडाच्या माकडाच्या गालांत पिशव्या असतात. मिळेल ते त्यांत कोंबून ते पळते आणि नंतर सावकाश खाते. करड्या अंगाच्या, अंगापेक्षाही लांब शेपटीच्या वानराला अशा पिशव्या नसतात. त्याची खरी सोय पोटात आहे.

पाने पचतात कशी?

पानांत तंतू भरपूर, पण ऊर्जा कमी. शिवाय अनेक झाडांच्या पानांत बचावासाठी कडू, विषारी द्रव्ये असतात. वानराच्या जठराला कप्पे असतात. पुढच्या कप्प्यांतले सूक्ष्मजीव पाने आंबवतात, तंतू फोडतात आणि काही विषारी द्रव्ये निकामीही करतात. ही व्यवस्था बरीचशी गायीसारखी, फक्त वानर तिच्यासारखे रवंथ करत बसत नाही.

या सूक्ष्मजीवांना फार आम्ल सोसत नाही. साखर किंवा मैदा एकदम जास्त पोटात गेला, तर तो झपाट्याने आंबतो, आम्ल वाढते, पोट फुगू शकते. लग्नातले उरलेले अन्न गायीने भरपूर खाल्ले तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वानरे फळे, फुले, बिया, कधी किडेही खातात; पण त्यांच्या आहाराचा मोठा भाग पानांचाच.

वानरांचा दिवस कसा जातो?

रात्र उंच झाडावर, सकाळी चरणे, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा चरणे. दुपारी टोळी सुस्त दिसते, ती वेळ पचनाची असते. याच वेळी एकमेकांचे केस साफ केले जातात, काळसर अंगाचे तान्हे पिल्लू या मादीकडून त्या मादीकडे फिरते. बहुतेक टोळ्यांत एक प्रौढ नर, अनेक माद्या आणि पिल्ले असतात. मुली टोळीतच राहतात, वाढलेले नर बाहेर पडतात.

जंगलालाही त्यांचा उपयोग आहे. ती खाली टाकतात तो पाला आणि फळे चितळांना आयती मिळतात. वाघ किंवा बिबट्या दिसताच वानर जो इशारा देते, त्यावर चितळे सावध होतात आणि ताडोबातले गाईडही कान टवकारतात.

खाऊ घातल्याने वानरांची संख्या घटते का?

उलट, ती वाढू शकते. राजस्थानातील जोधपूरच्या वानरांना लोक वर्षानुवर्षे खाऊ घालत आले आहेत. नेपाळमधील रामनगरच्या जंगलात पोट भरणाऱ्या वानरांच्या तुलनेत तेथील माद्यांच्या दोन बाळंतपणांतले अंतर बरेच कमी असल्याचे अभ्यासकांना आढळले. म्हणजे आयते अन्न टोळी वाढवते, पण तिच्यासाठी जंगल वाढवत नाही. ती रस्त्यावर उतरते, गाड्यांखाली येते, कुत्र्यांच्या आणि विजेच्या तारांच्या तावडीत सापडते.

किंमत कोण मोजतो?

माणसाची भीती मोडलेली टोळी शेवटी जवळच्या बागेत शिरते. कोकणातला आंबा-नारळवाला असो की विदर्भातला भाजीवाला शेतकरी, नुकसान त्याचे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार वानराला संरक्षण असल्याने तो प्राण्याला इजा करू शकत नाही आणि करूही नये. पुण्य वाटसरूच्या खात्यात, भुर्दंड मात्र बागायतदाराच्या माथी, हा हिशेब न्याय्य नाही.

‘वन्यप्राण्यांना खाऊ घालू नका’ हे फलक घाटाघाटांत आहेत, पण फलक दंड वसूल करत नाहीत. पर्यटनस्थळी गस्त हवी, कचराकुंड्या झाकलेल्या हव्यात, गावाबाहेरचे वड, पिंपळ, उंबर राखायला हवेत. प्रवाशांनी एवढेच करावे : काच वर, पुडा पिशवीत. वानराची भूक भागवायला झाडे पुरेशी आहेत, ती तोडली नाहीत तर.