छडी गेली, बदल्यात काय दिले?

फेब्रुवारी २०१० मध्ये कोलकात्यातील एका नामांकित शाळेतील आठवीच्या मुलाने छडीची शिक्षा झाल्यावर थोड्याच दिवसांत आत्महत्या केली. सारा देश हादरला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी घातली. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. मारू नका, समजावून सांगा, चांगल्या वागणुकीचे कौतुक करा, असा त्यांचा रोख आहे.

या बंदीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. रेल्वेत किरकोळ शिक्षा द्यायची तरी आधी आरोपपत्र द्यावे लागते आणि उत्तरासाठी दहा दिवस मिळतात. हा हक्क आपण जिवापाड जपतो. मग ‘गुरुजी, दोन ठेवून द्या,’ असे आपल्याच मुलाबद्दल आपण कोणत्या तोंडाने सांगतो?

परंतु शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते विचारतात, खच्चून भरलेल्या वर्गात एकेकाला समजावायला वेळ कुठला? समुपदेशक कुठे आहे? निवडणुकीची कामे करायची, अभ्यासक्रम संपवायचा, आणि वर शिस्तही प्रेमाने लावायची! ही तक्रार कामचुकारांची नव्हे. माणसे न देता सुरक्षिततेची परिपत्रके काढली की काय होते, हे आपल्या गँगमनला आणि पोस्टमनला कोणी शिकवायला नको.

पश्चिम बंगालचेच पाहा. २०१६ च्या शिक्षक भरतीत गैरव्यवहार झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०२५ रोजी २५ हजारांवर शिक्षक व शिक्षकेतर नेमणुका रद्द ठरविल्या. लाच खाल्ली कोणी आणि टांगती तलवार आली प्रामाणिक शिक्षकांवरही! नोकरीची शाश्वती नसलेल्या माणसाने वर्गात शांत चित्ताने मुलांचे मन कसे जिंकावे?

कायद्यातही उणीव आहे. त्याचे संरक्षण ६ ते १४ वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंतच. नववी-दहावीच्या मुलाने काय करावे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ही बंदी बारावीपर्यंत लागू करा. रिक्त जागा स्वच्छ भरतीने भरा. प्रत्येक माध्यमिक शाळेला समुपदेशक द्या. शिक्षकांना कामाच्या वेळेतच प्रशिक्षण द्या.

बंधूंनो आणि भगिनींनो, पुढच्या पालकसभेला रजा टाकून जा. मुलाला मारू नका, असे ठणकावून सांगा. आणि त्याच दमात शिक्षकांच्या मागण्यांनाही साथ द्या.