कुंपण मोरीपर्यंत न्या

प्रति,
राष्ट्रीय वाहतूक पायाभूत सुविधा विभाग,
ब्रासिलिया, ब्राझील



कांपो ग्रांदेहून कोरुंबाकडे जाणारा बीआर-२६२ हा महामार्ग आपल्या अखत्यारीत येतो. पांतानालच्या पाणथळ प्रदेशातून जाणाऱ्या या रस्त्यावर टापीर, महामुंगीखाऊ, कॅपिबारा, कोल्हे मरतात. कधी जग्वारही. हे आपल्याला ठाऊक नाही असं नाही. आपल्याच देशातल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं त्या भागातले रस्ते पालथे घालून मेलेली जनावरं मोजली आहेत. नागपुरात बसून मी हे पत्र का लिहिते आहे, ते पुढे येईलच.

आधी महामुंगीखाऊ. त्याची नजर अधू, सगळी भिस्त नाकावर. पुढच्या पायांच्या लांब नख्या आत मुडपून, बोटांच्या पेरांवर भार देत तो सावकाश चालतो. अंग काळपट-करडं, डोकं जमिनीलगत, डोळे बारीक. कोल्ह्याचे डोळे हेडलाइटमध्ये चमकतात, तसे याचे चमकत नाहीत. ट्रकवाल्याला तो दिसतो तेव्हा ब्रेक मारण्याची वेळ निघून गेलेली असते. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ते कित्येक महिने तिच्या पाठीवर बसून हिंडतं. त्याच्या अंगावरचा काळा पट्टा आईच्या पट्ट्याशी असा जुळतो, की पाठीवर कुणी आहे हे पटकन लक्षातही येऊ नये. आई गाडीखाली गेली की हे पिल्लू कधी कधी जिवंत सापडतं, तिच्या केसांना घट्ट धरून.

टापिराचं वजन २०० किलोच्या वर जातं. मादी सुमारे १३ महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. म्हणजे एक मादी मेली, तर तिची जागा भरून यायला वर्षं जातात. फळं खाऊन दूरवर बिया टाकणारा हा प्राणी गेला, की जंगलाची पुढची लावणीच थांबते. शिवाय एवढं धूड अंधारात मोटारीवर आदळलं तर आतली माणसंही मरतात. म्हणून हा प्रश्न फक्त प्राणिप्रेमींचा आहे, असं कुणी म्हणू नये.

रस्ता भरावावरून गेला आहे. पुराच्या दिवसांत कोरडी जागा तीच. कडेला कोवळं गवत उगवतं तेही तिथंच, म्हणून जनावरं तिकडे येतात. मेलेलं जनावर खायला आर्माडिलो येतो आणि तोही चिरडला जातो. २०२०च्या वणव्यांत पांतानालचा चौथा हिस्सा तरी जळाला. त्यातून वाचलेल्यांना निदान रस्ता तरी सुखरूप ओलांडता यावा.

‘सावकाश चला, वन्यप्राणी’ अशा पाट्यांनी हे होणार नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावर, मध्यरात्री, खनिजाचा ट्रक चालवणारा माणूस पाटी वाचून वेग कमी करत नाही. आमच्याकडेही करत नाही. नागपूर-सिवनी रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, पेंचच्या जंगलातून जातो. त्याच्या रुंदीकरणावरून आमच्या लोकांना न्यायालयापर्यंत भांडावं लागलं, तेव्हा कुठे महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी ९ ठिकाणी रस्ता उचलून घेतला गेला. काही जागा ५० मीटरच्या, एक तर ७५० मीटरची. २०१९मध्ये तिथं कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना टिपले गेले. वाघही जात होते, रानकुत्रेही. वाट नीट दिली तर जनावर ती घेतं, हे आम्ही पाहिलं आहे.

आपल्याला फार दूर पाहायचीही गरज नाही. रिओ दि जानेरो राज्यात बीआर-१०१ महामार्गावर गोल्डन लायन टॅमरिन या सोनेरी आयाळीच्या माकडांसाठी २०२०मध्ये झाडं लावलेला पूल उभा राहिला. बीआर-२६२चं काम त्याहून सोपं आहे. पुराचं पाणी वाहून जावं म्हणून भरावाखाली पूल आणि मोऱ्या आधीपासूनच आहेत. जनावरांना तिकडे वळवायचं काम तेवढं उरतं. ते काम कुंपण करतं.

पण कुंपण तुकड्यातुकड्यांत घातलं तर ते घातक ठरतं. जनावर जाळीच्या कडेकडेनं चालत टोकाला जातं आणि तिथून रस्त्यावर येतं. मरायची जागा तेवढी बदलते. एकाच बाजूला घातलं, तर रस्त्यावर आलेल्याला पलीकडे जाता येत नाही. म्हणून कुंपण दोन्ही बाजूंनी, एका मोरीपासून दुसऱ्या मोरीपर्यंत सलग हवं. जाळी खाली जमिनीला भिडलेली हवी, नाहीतर लहान प्राणी सहज आत शिरतात. शेतांचे फाटे जिथं रस्त्याला मिळतात, तिथं मोकळी फट राहता कामा नये. खर्चाची सबब पुढे येईल. मात्र अपघातांतलं नुकसान जमेला धरलं तर हा खर्च कालांतरानं भरून निघतो, असा हिशेब आपल्याच संशोधकांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केला आहे.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. टापीर आणि महामुंगीखाऊ जिथं सर्वांत जास्त मरतात, ते टप्पे आधी हाती घ्या आणि ते सलग पूर्ण करा. आणि कुंपणाच्या देखभालीचा पैसा बांधकामाच्या निविदेतच धरा; एका पुरानं जाळी फाटते, आणि ती दुरुस्त करणारा माणूस नेमलेला नसेल तर फाटलेलीच राहते.

आपली,
नागपूरची एक रहिवासी