घड्याळ नको, खुंट्या हव्यात

मुलांनो, या आठवड्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र निघाले, ते मी दोनदा वाचले. सातवीतल्या एका मैत्रिणीचे आहे. नाव-गाव छापू नका, असे तिने खाली दोन रेघा मारून लिहिले आहे. म्हणून छापत नाही.

तिचे बाबा रस्त्याच्या कामावर असतात. काम पुढे सरकले की मुक्काम हलतो. ती स्वतः आजोळी राहून शिकते. धाकटी बहीण आठ वर्षांची आणि भाऊ पाच वर्षांचा, ते दोघे आई-बाबांबरोबर. गेल्या वर्षी बहिणीच्या तीन शाळा झाल्या. दर वेळी नवा वर्ग, नव्या बाई, नव्या मैत्रिणी. तेव्हा यंदा आईने ठरवले, दोघांना घरीच शिकवायचे. मैत्रीण लिहिते :

“बाई, मी सुटीत तिकडे गेले होते. आईनं भिंतीवर वेळापत्रक लावलंय. दहा ते दहा चाळीस मराठी, मग गणित, मग परिसर. पण मराठी चालू असताना दूध उतू जातं. भाऊ मधेच पुस्तक ओढतो. गणित आलं की बहिणीचं पोट दुखतं. मी होते त्या बारा दिवसांत आईनं चार वेळापत्रकं केली. एकदा ती ओट्यापाशी उभी राहून रडत होती. मी तिला एक नवीन, चांगलं वेळापत्रक करून पाठवू का?”

नको गं बाळ. पाचवे वेळापत्रक नको. का नको ते सांगते. हे पान आजोळच्या मंडळींना वाचून झाले की घडी करून आईला पाठव.

मी शाळेत पहिलीचा वर्ग घेते. डी. एड. झालेली, बारा-तेरा वर्षे खडू हातात धरलेली बाई. २०२० साली करोनामुळे मार्चमध्येच शाळा बंद झाल्या. १५ जून उजाडला तरी वर्ग उघडेनात. माझी लेक दुसरीत जाणारी, मुलगा साडेचार वर्षांचा. मला वाटले, चाळीस मुले सांभाळते, ही दोन काय अवघड! ड्रॉइंग पेपर आणला, स्केचपेनने चौकटी आखल्या, आठ तास पाडले. घंटा म्हणून पितळी ताट आणि लाटणे. पहिल्या दिवशी फार मजा आली. दुसऱ्या दिवशी घंटा वाजवायची कोणी यावरून मारामारी झाली. तिसऱ्या दिवशी मुलगा घंटा ऐकून पलंगाखाली जाऊन बसला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ते ताट पोचे पडून वाकडं झालंय, त्यात पोळी राहायची नाही आता.”

तरी मी रेटले. दहाव्या-बाराव्या दिवशी वजाबाकी चालली होती. बेचाळीस वजा सतरा. लेकीने उत्तर लिहिले पस्तीस. तुमच्यापैकी पुष्कळांनी दुसरीत हेच केले असणार : दोनातून सात जात नाहीत, तर सातातून दोन घालवून मोकळे! वर्गात ही चूक मी शेकडो वेळा पाहिली आहे. तिथे मी हसते, चिंचोके काढते, खाली मांडी घालून बसते. घरी मात्र तीनदा सांगूनही पस्तीसच आले, तेव्हा मी वहीचे पान टरकन फाडले.

ती रडली नाही. तुकडे गोळा केले, स्वयंपाकघरातून भाताची चार शिते आणली आणि पान चिकटवत बसली. संध्याकाळी मला म्हणाली, “आई, तू शाळेत सगळ्यांशी हळू बोलतेस. घरी तू बाई पण नसतेस आणि आई पण नसतेस.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून वेळापत्रक काढून टाकले. चार दिवस काहीच शिकवले नाही. फक्त एक जुनी वही घेतली आणि दिवसभरात घरात आपोआप काय काय होते ते लिहीत गेले. साडेसहाला नळाला पाणी येते, तेव्हा दोघे मुले तिथेच लुडबुडतात. आठला आजोबा पेपर घेऊन बसतात. अकराला तांदूळ निवडणे. दुपारी दोघे पेंगतात. चारला वाळलेले कपडे काढायचे. दिवेलागणीला आजी देवापाशी. रात्री गोष्टीशिवाय झोप नाही. या गोष्टी रोज होतातच, घड्याळ असो वा नसो. मला वाटले, अरे, या तर भिंतीतल्या पक्क्या खुंट्या आहेत! मी उगाच नवी खुंटी ठोकत बसले होते. अभ्यास यांनाच अडकवून पाहू.

पाण्याच्या खुंटीला मुलाचे मोजणे अडकवले. कळशीत तांबे किती? अकरा. हंड्यात कळश्या किती? आधी अंदाज सांगायचा, मग ओतून पाहायचे. (फरशी रोज पुसावी लागे, हेही सांगून ठेवते.) आजोबांच्या पेपरातल्या मोठ्या मथळ्यांत स्वतःच्या नावातली अक्षरे शोधून गोल करायचे. आजोबा कुरकुरले, म्हणून त्यांचा वाचून झालेला कालचा पेपर. कपड्यांच्या चिमट्यांनी तर माझी वजाबाकीच सोडवली. पुठ्ठ्याच्या पट्टीला दहा चिमटे लावले की एक दशक. चार पट्ट्या आणि दोन सुटे, म्हणजे बेचाळीस. आता सतरा काढ. सुटे दोनच आहेत, सात कुठून काढणार? लेक थांबली. मग तिने एक पट्टी उचलली, तिचे दहाही चिमटे सोडवले आणि “आई, मोडावं लागतं!” असे ओरडली. पंचवीस उरले. मी एक अक्षर बोलले नव्हते.

दिवेलागणीची खुंटी सासूबाईंनी स्वतःच धरली. त्या चौथी शिकलेल्या. पण त्यांच्या लहानपणी तिन्हीसांजेला परवचा म्हणायची पद्धत होती. नुसते पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. तुमच्या आजी-आजोबांना विचारून पाहा, कोणाला तरी अजून येत असेल. एकदा भाजीवाला दारात आला, कांदे अठरा रुपये किलो. अडीच किलोचे किती? मी मोबाइल शोधतेय तोवर सासूबाई म्हणाल्या, “पंचेचाळीस.” लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. त्या दिवसापासून परवचासाठी हाक मारावी लागली नाही.

दुपारची वेळ मात्र मी सोडूनच दिली. जेवणानंतर मुलांना शिकवणे किती कठीण, याचा अनुभव फार मोठ्या माणसांनी घेतला आहे. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ गांधीजींनी टॉलस्टॉय फार्म सुरू केले. तिथल्या मुलांना ते आणि त्यांचे सहकारी स्वतः शिकवत. पण सकाळ शेतातल्या आणि घरातल्या कामात जाई, म्हणून वर्ग दुपारच्या जेवणानंतर. मुले डुलक्या घेत आणि शिकवणारेही! डोळ्यांना पाणी लावून, मुलांशी खेळून ते झोप उडवायचा प्रयत्न करीत, आणि तरी कधी कधी झोपच जिंकत असे. हे गांधीजींनीच लिहून ठेवले आहे. तेव्हा तुझ्या आईला सांग, दुपारी पेंगणारी मुले आळशी नसतात.

आणि आपल्याकडचे उदाहरण हवे तर डहाणू तालुक्यातले कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे आदिवासी मुलांसाठी काम केले. पुष्कळ मुले दिवसभर गुरे चारायला जात, ती शाळेत येणार कशी? मग शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. मुलांचा दिवस कसा जातो ते आधी पाहिले, शाळा त्यात नंतर बसवली. डी. एड.ला असताना मी हे परीक्षेपुरते पाठ केले होते. अर्थ कळायला माझ्या घरचे ताट वाकडे व्हावे लागले.

आता आईची खरी भीती. “एवढ्याशाने अभ्यास होतो का?” एक हिशेब करू. वर्गात बत्तीस मुले आणि चाळीस मिनिटांचा तास. बाईंनी एकेकाकडे सारखे लक्ष दिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ? करा भागाकार. सव्वा मिनिट! घरी आई शेजारी बसून वीस मिनिटे शिकवते, ती सगळी तुमचीच. माझ्या लेकीचा बसून करायचा अभ्यास सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे एवढाच ठेवला. मुलाचा दहा मिनिटे. तो उठून पळाला तर सहा.

दोन वयांची मुले एकत्र असली की धाकटा मोठ्याला बसू देत नाही. यावर मला सापडलेला उपाय असा : आधी धाकट्याला घ्यायचे. त्याच्याशी खेळून, वाचून त्याचे पोट भरले की मोठीकडे वळायचे. शिवाय एक पत्र्याचा डबा केला. त्यात जुन्या किल्ल्या, बटणे, बाटल्यांची झाकणे, नाडीचा तुकडा. हा डबा ताईच्या अभ्यासाच्या वेळीच निघणार, एरवी कपाटावर. मुलगा त्यात रमून जाई. (बटणे तोंडात घालण्याइतके लहान मूल असेल, तर डब्यात मोठ्याच वस्तू ठेवाव्यात.)

घडी बसायला आम्हाला तीन आठवडे लागले. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली, तिची ठरावीक वेळ ही आणखी एक खुंटी झाली. आणि मग घडी विस्कटलीही. सासरे आजारी पडले, तेव्हा आठ दिवस सगळे बंद. तेव्हा ठरवले, बाकी सगळे सुटले तरी रात्रीचे मोठ्याने वाचून दाखवणे सोडायचे नाही. त्या आठ दिवसांत तेवढे एकच चालू राहिले. नवव्या दिवशी पुन्हा सुरुवात करताना अगदी पहिल्यापासून करावी लागली नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, मग शाळा कशाला? मी शाळेतली बाई आहे, खरे तेच सांगते. त्याच दिवसांत वर्गातल्या मुलांच्या घरी मी फोन करीत असे. एका मुलाची आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायची. ती म्हणाली, “बाई, मलाच वाचता येत नाही, मी काय शिकवू?” मी म्हटले, त्याला भाकरी मोजू दे, दिवसभर काय पाहिले ते रात्री तुला सांगू दे. तिने ते नेमाने केले. पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले, तेव्हा तो मुलगा वर्गात इतके रंगवून बोलू लागला, की मी ऐकत राहिले. पण अक्षरे जवळजवळ सगळी पुसली गेली होती. ती पुन्हा शिकवायला आम्हाला वर्ष लागले. सगळ्यांच्या घरी शिकवणारे माणूस असत नाही. आणि भांडायला, वाटून खायला बरोबरीची मुले लागतात ती वेगळीच. तुझ्या भावंडांना संध्याकाळी कामावरच्या इतर मुलांबरोबर खेळायला जाऊ द्यावे, हे मी आईला अगदी आग्रहाने सांगेन. एक घाईघाईत : पुढे परीक्षेची काळजी वाटत असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा असतात, बाबांनी त्याची नीट चौकशी करावी. आणि मुक्काम एका जागी स्थिरावला, तर शाळेचे दार मुलांसाठी उघडेच आहे.

आता तू काय करायचेस? आईला सांग, चार दिवस शिकवणे थांबव आणि फक्त लिहून काढ. तुमच्याकडे नळ नसेल, टँकर येत असेल. बाबांचा डबा भरायची वेळ असेल. रोलर घरासमोरून जाण्याची वेळ असेल. पाच वर्षांच्या मुलाला यापरते मोठे काय असते! तिथल्या खुंट्या तिथेच सापडतील, मला इथे बसून त्या दिसणार नाहीत. आणि दर आठवड्याला तू भावंडांना एक पोस्टकार्ड टाक. ठळक अक्षरांत, चार ओळी. एक कोडे घाल, आजोळच्या मांजरीला पिल्ले किती झाली ते कळव. उत्तर त्यांनीच लिहायचे, आईने हात लावायचा नाही. भावाने नुसते चित्र काढले तरी चालेल. मुक्काम हलला की नवा पत्ता लिहायला बहिणीला शिकव. तिचा परिसर अभ्यास त्यातच होईल.

माझी लेक आता तुझ्याच एवढी आहे. हे लिहीत असताना मागून येऊन वाचून गेली. भाताने चिकटवलेले पान असलेली ती वही तिने अजून टाकलेली नाही. म्हणाली, “पान फाडलंस ते लिहिलंयस ना? नाहीतर सगळ्यांना वाटेल तू फार शहाणी.”

लिहिलं बाई, सगळं लिहिलं.