लाल रेघ

यंदाच्या स्नेहसंमेलनाआधी नववीतला एक विद्यार्थी स्वतः रचलेले गाणे घेऊन आमच्याकडे आला. शब्द त्याचे, चालही त्याचीच. सुर्ल्याच्या खाणींची तांबडी धूळ आजीच्या तुळशीवृंदावनावर कशी बसत असे, असे एक कडवे त्यात होते. प्रमुख पाहुण्यांना ते रुचेल की नाही, या शंकेने आम्ही त्यावर लाल रेघ ओढली. मुलगा काही बोलला नाही. संमेलनात मात्र तो गायलाच नाही.

त्या रात्री आम्हांस शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांचे स्मरण झाले. आम्ही शाळकरी असताना, १९८४ साली, त्यांची ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट निघाली. मुंबईत वास्तुशास्त्र शिकलेल्या या कलावंताने ती राहत्या घरीच ध्वनिमुद्रित केली होती. एकामागून एक वाद्य स्वतः वाजवायचे, त्यावर आपलाच आवाज चढवायचा, वेष्टनावरचे चित्रही आपणच काढायचे आणि अखेर स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेट पोचवायच्या, असा तो खटाटोप. पण वाचकहो, या हमालीतच त्यांचे स्वातंत्र्य होते. कोणते कडवे ठेवावे नि कोणते गाळावे, हे सांगणारा धनी त्यांना नव्हता. म्हणूनच त्यांच्या गाण्यांत गोव्याची माणसे आली, आणि १९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये मादक द्रव्यांच्या व्यसनावर प्रहारही आला.

त्याच वर्षी पंतप्रधान राजीव गांधी यांच्यासमोर गाताना त्यांनी गोव्याची दुखणी गाण्यांतूनच मांडली. काही पुढाऱ्यांना तो औचित्यभंग वाटला. पंतप्रधानांनी मात्र गाणी आवडल्याचे पत्राने कळविले. ज्यांना ऐकवायचे होते त्यांना राग आला नाही. रागावले ते भोवतालचे. आमच्या पाहुण्यांनी तर ते कडवे ऐकलेच नव्हते. त्यांच्या वतीने आम्हीच घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावून आम्ही तो कागद मागितला. “फाडला, सर,” तो म्हणाला. “चाल लक्षात आहे, शब्द नाहीत.”

आम्ही त्याला कोरी वही दिली आणि पुन्हा लिही म्हणून सांगितले. अजून त्याने ती परत आणलेली नाही. पस्तीस मिनिटांच्या तासाला आम्ही रोज व्याकरण शिकवतो. पण मोडलेले मन सांधण्याचा नियम कोणत्याही व्याकरणात नाही. तोवर आमची लाल शाईची दौत कपाटात बंद आहे.