‘आम्ही’ आणि ‘आपण’

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट येथे संपे, पुढे साष्टी लागे. आज शीवला लागून माटुंगा आणि धारावी. दोन्हीकडे तमिळ कानी पडते. मराठी आर्यकुळातली, तमिळ द्राविड. तरी ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’ हा भेद दोघींत आहे. तमिळमध्ये ‘नाम’ आणि ‘नांगळ’; दूरच्या इंडोनेशियनमध्येही ‘किता’ आणि ‘कामी’. मराठीत तो द्राविड शेजारातून आला, असे अभ्यासक मानतात. हिंदीत मात्र दोहोंना एकच ‘हम’. आणि तमिळ सहाध्यायाशी आपण बोलतो ते हिंदीतच! हिंदीशी माझे वैर नाही; पण दोघांकडेही असलेला ‘आपण’ मधल्या भाषेत हरवावा, हे पटत नाही. त्याच्याशी मराठीत बोलावे, त्याच्याकडून चार तमिळ वाक्ये शिकावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.