बोली सोडून मराठी येत नाही



वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने फेटाळला, तर जिल्हा समितीकडे ६० दिवसांत अर्ज करावा लागतो. कागद येतो तो हापिसच्या मराठीत. तो उमजेस्तोवर दिवस निघून जातात. म्हणून आपल्या पोरांना मराठी आलीच पाहिजे, यात वाद नाही. वाद आहे तो कशी शिकवायची, याचा.

काही मास्तर म्हणतात, घरात बोली बोलू नका, मग मराठी येईल. हे उलटं आहे. भाषेचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन सांगतात, ऐकलेलं समजलं तरच नवी भाषा येते. भीती-लाज वाटली की ती आत शिरत नाही. जिम कमिन्स सांगतात, घरच्या भाषेत वाचणं-विचार करणं पक्कं झालं, की ते दुसऱ्या भाषेतही कामी येतं.

कोरकू आणि गोंडी तर मराठीच्या कुळातल्याच नाहीत. पहिलीतल्या पोराला नुसती मराठी म्हणजे नुसता आवाज. ते फळ्यावरचं उतरवून घेतं, पण अर्थ लागत नाही. मग मार, मग शाळा सुटते.

भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय करा, असं घटनेचं कलम ३५०क राज्याला सांगतं. ही भीक नाही.

तेव्हा ग्रामसभेत ठराव घ्या: पहिली-दुसरीला आपली बोली जाणणारा शिक्षक द्या, तिच्या आधाराने मराठी शिकवा. आणि मोठ्यांनीही ठरवा, कागद आपल्या बोलीत समजल्याबिगर अंगठा नाही!