टेस्टोस्टेरॉन ‘नॉर्मल’, तरीही पीसीओएस? एकट्या आकड्यावर विसंबू नका!

परभणी : पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येऊ लागतात. जिंतूर किंवा गंगाखेडहून एसटीने परभणी गाठायची, कॉलेज किंवा मजुरी बुडवायची आणि रक्त द्यायचे. रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन ‘नॉर्मल’. मग घरचे सांगतात, ‘काही झालेले नाही, वजन कमी कर.’ मुलगी सडपातळ असेल तर, ‘तुला कसला पीसीओडी?’ हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

आकडा कसा फसवतो?

रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेले असते. त्यातले मुख्य प्रथिन म्हणजे यकृतात तयार होणारे एसएचबीजी. शरीरावर परिणाम होतो तो प्रामुख्याने मोकळ्या राहिलेल्या थोड्या हिश्श्याचा. वजन आणि त्यासोबत इन्सुलिन वाढले की एसएचबीजी घटते. परिणामी ‘टोटल’ आकडा तोच राहूनही मोकळा हिस्सा वाढतो.

साधे गणित पाहा. दोघींचे टोटल टेस्टोस्टेरॉन १.५ नॅनोमोल प्रतिलिटर, म्हणजे सुमारे ४३ नॅनोग्रॅम प्रतिडेसिलिटर आहे. एकीचे एसएचबीजी ६० आणि दुसरीचे २० नॅनोमोल. टेस्टोस्टेरॉनला एसएचबीजीने भागून १०० ने गुणले की ‘फ्री अँड्रोजन इंडेक्स’ मिळतो. पहिलीचा २.५, दुसरीचा ७.५. टोटलचा आकडा सारखा, फरक तिप्पट!

मोजण्याची पद्धतही महत्त्वाची

स्त्रियांमध्ये हे हार्मोन पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असते. इतक्या कमी पातळीवर नेहमीची इम्युनोअसे पद्धत चुकू शकते. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मास स्पेक्ट्रोमेट्रीला पसंती दिली आहे. गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतील तर एसएचबीजी वाढते आणि रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही.

बारीक मुलींचे काय?

मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १५ ते २४ वयोगटातील मुलींची पाहणी केली होती. २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला आणि त्यातल्या बहुसंख्य मुली लठ्ठ नव्हत्या. वजनकाट्यावरून निदान होत नाही, हेच यातून दिसते.

मग करायचे काय?

प्रौढ स्त्रीची पाळी अनियमित असेल आणि राठ केसांसारखी लक्षणे स्पष्ट असतील, तर इतर आजार नाहीत याची खात्री करून डॉक्टर हार्मोनच्या आकड्याशिवायही निदान करू शकतात. त्यामुळे महागडी तपासणी प्रत्येकीला लागत नाही. लागलीच, तर टेस्टोस्टेरॉनसोबत एसएचबीजीही मोजावे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. मात्र आकडा खूपच जास्त असेल, आवाज घोगरा होत असेल किंवा केस झपाट्याने वाढत असतील, तर थांबू नये. कारण वेगळे असू शकते.

वजन थोडे कमी झाले तरी अनेकींना फायदा होतो, हे खरे. पण ‘वजन कमी कर’ हा सल्ला तपासणीनंतर यावा, तपासणीऐवजी नव्हे. साखर, रक्तदाब तपासायचे राहून गेले, तर त्याची किंमत मुलीलाच मोजावी लागते. परभणीपर्यंत आलेल्या मुलीच्या हाती घरी जाताना ‘नॉर्मल’ या एका शब्दापेक्षा अधिक काही असायला हवे.